करंगळीकडचं हाड

आत्याबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नळाखाली तांदूळ धूत होते. माझे धाकटे दीर, सदाशिवभावजी, कन्हेरीहून वालचंदनगरपर्यंत सायकल मारत आले होते. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, पायरीवर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढं बघितल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी मी विचारलंच. "सकाळी आईनं म्हशीला वैरन टाकली," ते म्हणाले, "आन् गव्हाणीपाशीच खाली बसली. छातीत कळ आली म्हनली. मी गाडी जुपीस्तवर..." मी रोळी हातात धरून तशीच उभी राहिले. नळ वाहतोय हे बऱ्याच वेळानं शेजारणीनं येऊन सांगितलं.

आम्ही कन्हेरीला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. आत्याबाईंना न्हाऊ घालून निजवलं होतं. भावकीतली एक म्हातारी त्यांच्या उजव्या तळव्यावर तुळशीचं पान ठेवायला बसली होती. तिनं हात उताणा करायला घेतला, तो वळेना. तिनं जरा जोर लावला. मी म्हटलं, "नका वळवू. तो हात वळत नाही." "अगं, मेल्यावर समद्यांचंच आखडतंय," ती म्हणाली. "त्यांचा आधीपासून वळत नव्हता," मी म्हटलं. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि पान छातीवर ठेवलं. तिथं इतक्या बायका होत्या, कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. पण गेला महिनाभर माझ्या कानात माझंच ते वाक्य घुमतंय. तो हात वळत नाही हे मला सगळ्यांत आधी आठवलं, आणि ते आठवण्याचं कारण मला एकटीलाच ठाऊक होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई. वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्यांपैकी त्यांना ओळखणारं कुणी असेल तर ते बारामतीच्या आठवडे बाजारात भाजी घेणारंच असेल. माळव्याच्या रांगेत, पिंपळाच्या बाजूला त्या बसायच्या. पुढ्यात वांगी, मेथी, कांद्याची पात. दोन मुलं पदरात असताना त्यांचे मालक वारले. कालव्याच्या पाण्यावरचा जमिनीचा तुकडा त्यांनी एकटीनं कसला आणि पिकवलेलं एकटीनं विकलं. दलालाच्या हाती कधी दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं की, वांगं कुणाच्या घरी जातंय ते बघून द्यावं. तराजू उजव्या हातात धरायच्या, आणि तो असा उचलायच्या की दोन्ही पारडी एकदम जमीन सोडायची. गिऱ्हाइकाच्या बाजूला काटा झुकला की हात क्षणभर तसाच थांबायचा, त्याला नीट बघता यावं म्हणून. माणसं म्हणायची, चंद्राआक्काचा शेर म्हणजे सव्वाशेर.

मी इंदापूरची. वडील कचेरीत कारकून, घरात वर्तमानपत्र यायचं, आणि मी सातवी पास झालेली. शेतातलं मला काही येत नव्हतं. कन्हेरीला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तण समजून मी कोथिंबिरीचा अर्धा वाफा उपटला. आत्याबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, आता काही तरी ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "उपाटलीच हायस तर गोळा कर. सांच्याला वड्या करू." एवढंच. उलट माझ्या शिक्षणाचं त्यांना भारी अप्रूप होतं. कुणाला कोर्टाचा कागद आला, कुणाचं पत्र आलं, की त्या सांगायच्या, "आमच्या सूनबाईकडनं वाचून घ्या. ती वाचती आन् त्याचा अर्थ बी सांगती." अर्थ सांगण्यावर त्यांचा इतका भरवसा होता. पुढं सगळं आलं ते त्या भरवशातूनच आलं.

आमचे हे वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर. लग्नाला पाच वर्षं झाली तरी आमचा संसार म्हणजे सुट्टीच्या आदल्या दिवशी सायकलवरून येणं आणि दुसऱ्या दिवशी उलटं जाणं. मुलगी सुमन दोन वर्षांची झाली होती, तरी बापाला बघून रडायची. कंपनीच्या क्वार्टरसाठी यांनी केव्हाच नाव दिलं होतं. तिथं दोन खोल्या, विजेचा दिवा आणि दारात नळ असतो, एवढं मला माहीत होतं, आणि त्या दोन खोल्या मी मनात कितीदा झाडल्या होत्या याला हिशेब नाही. आत्याबाई वाईट होत्या म्हणून मला जायचं होतं असं नव्हे. मला फक्त माझं एक दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं. अखेर क्वार्टर लागलं. महिनाअखेरीला ताबा घ्या, नाहीतर पुढच्या नावाला जाईल, असं यांना साहेबांनी बजावलं. त्याच आठवड्यात आत्याबाई पडल्या.

वांग्याची पाटी डोक्यावर घेऊन त्या कालव्याच्या पाटावरून उतरत होत्या. शेवाळावरून पाय सरकला. पाटी सावरायच्या नादात उजवा हात पुढं गेला आणि सगळं अंग त्या एका तळव्यावर आलं. मी धावत गेले तेव्हा त्या बसूनच होत्या. मनगटापाशी हात पळीच्या दांड्यासारखा वाकला होता. चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणत होत्या, "आदी वांगी उचल. म्हस येतीया." गावात कुणी हाडवैद्याचं नाव काढलं, पण मीच हट्ट धरला की दवाखान्यातच न्यायचं. बारामतीच्या डॉक्टरांनी फळी बांधली, हाताचा फोटो काढायला हवा म्हणाले आणि पुण्याला धाडलं. बारामतीच्या छोट्या गाडीनं दौंड, तिथून पुणं. दौंडला गाडीची वाट बघत फलाटावर बसलो होतो, तेव्हा आत्याबाईंनी डाव्या हातानं माझा पदर चाचपला आणि विचारलं, "सुमीला दूध पाजून निगालीस का?"

पुण्याच्या दवाखान्यात भूल देऊन हात ओढून बसवला आणि प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो काढला. मग दोघा डॉक्टरांनी यांना आणि मला व्हरांड्यात बोलावलं. एक पिकल्या केसांचे, मोठे. दुसरे तरुण, नुकतेच शिकून आलेले. फोटो उजेडाकडं धरून मोठ्या डॉक्टरांनी दाखवलं. मनगटापाशी दोन हाडं येतात. अंगठ्याकडचं मोठं हाड मोडलं होतं, ते आता चांगलं बसलं आहे. पण त्याच्याबरोबर करंगळीकडच्या हाडाचं टोकही तुटून बाजूला सरकलं आहे, आणि आतल्या एका बारक्या हाडाचा टवकाही उडालेला दिसतो. प्रश्न एवढाच की, त्या लहान मोडीसाठी चिरा देऊन तार घालायची, की ते आहे तसंच सोडायचं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मी सोडून देईन. मोठं हाड जागेवर असलं की हात कामाला येतो. या लहान टोकासाठी मनगट उघडायचं, पू होण्याचा धोका घ्यायचा, पुन्हा भूल द्यायची, हे मला पटत नाही." तरुण डॉक्टर अदबीनं पण ठामपणं म्हणाले, "बाई कष्टाचं काम करणाऱ्या आहेत. त्या टोकाला मनगटाचे बंध असतात. ते सैल राहिले तर हात उताणा-पालथा करताना दुखेल, कदाचित पुरता वळणारही नाही. आत्ताच तार घातली तर ते टळण्याची शक्यता बरी आहे. मात्र महिनाभर इथं राहावं लागेल, आणि घरचं एक माणूस सोबत हवं." मग मोठे डॉक्टर म्हणाले, "दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं हे प्रकरण आहे. घरच्यांनी ठरवा."

घरचं एक माणूस म्हणजे मी, हे सांगायची गरज नव्हती. यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली टाकली. मग म्हणाले, "तू आईला समजावून सांग. तुझंच ती ऐकते." आणि चहा आणायच्या निमित्तानं खाली निघून गेले. त्यांच्याही डोळ्यांसमोर त्या दोन खोल्या होत्या, हे मी जाणत होते. पण त्यांनी जबाबदारी माझ्यावर टाकली असं मी आज म्हणणार नाही. मी ती आनंदानं घेतली.

आत्याबाई खाटेवर उठून बसल्या होत्या. मी स्टुलावर बसून त्यांना अर्थ सांगितला. मी एक अक्षर खोटं बोलले नाही, हे मला इथं लिहायलाच हवं, कारण तेच मला सगळ्यांत जास्त सलतं. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं मी सविस्तर सांगितलं. चिरा, तार, पू, पुन्हा भूल. एकेक शब्द नीट फोड करून. धाकट्या डॉक्टरांचं म्हणणं मी एका वाक्यात सांगितलं : "ते दुसरे म्हणतात, केलं तर बरं. पण त्यांचं वय लहान आहे." हात वळणार नाही, हे मी सांगितलं नाही. महिनाभर राहावं लागेल, हे मात्र सांगितलं. आत्याबाई बराच वेळ प्लास्टरकडं बघत राहिल्या. मग विचारलं, "आन् केलं तर हात पयल्यागत हुईल का?"

मी म्हटलं, "तसं कुणीच सांगत नाही, आत्याबाई."

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "चल घरी."

त्यानंतरचे दिवस घाईत गेले. क्वार्टरचा ताबा घेण्याची तारीख प्लास्टर निघायच्या आधीच येत होती. मी दोनदा म्हटलं, पुढं ढकलता येईल का बघू. पण ते कसं म्हटलं हे ऐकणाऱ्याला कळत असतं. आत्याबाईंनी एका हातानं माझी भांडी पोत्यात भरली. दोन पातेली, परात, तवा, आणि त्यांच्या स्वतःच्या वापरातली पितळी कळशी. गाडीत सामान चढवल्यावर म्हणाल्या, "जा. आलेलं घर घालवू नगं. माजं काय, सदा हाय, शेजारपाजार हाय." सदाशिवभावजींचं तेव्हा लग्न झालं नव्हतं. त्यांना साधा चहा करता येत नव्हता. आत्याबाई डाव्या हातानं चूल पेटवताहेत आणि प्लास्टरचा हात छातीशी धरलाय, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि तरी मी गाडीत बसले. पाटाचं वळण येईपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही. सुमनला मांडीवर नीट घ्यायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

क्वार्टरमध्ये मी सुखात होते. हेही लिहायला हवं. बटण दाबलं की दिवा लागायचा, आणि पहिले काही दिवस तर मी उगाचच नळ सोडून बघायची. हे कामावरून आले की सुमन आता धावत जायची. कन्हेरीला जाणं महिन्यातून एकदा व्हायचं. प्लास्टर निघालं होतं. मनगट थोडं जाड दिसायचं, बाकी हात सरळ होता. मी विचारलं की उत्तर ठरलेलं : "हाय की. चालतंय." बाजारात मात्र त्यांनी तराजू डाव्या हातात घेतला होता. एका गिऱ्हाइकानं डाव्या हाताचं माप नको म्हणून भाजी तिथंच टाकून गेल्याचं भावजींकडून कळलं. पुढं तराजू भावजीच धरू लागले आणि आत्याबाई नुसत्या शेजारी बसून वांगी निवडून द्यायच्या. शेर जाऊन आता किलो येणार असं बोलणं निघालं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, "येऊ द्या. मला कुठं उचलायचाय."

पहिल्यांदा त्या आमच्याकडं राहायला आल्या ती दिवाळी होती. सकाळी मी आत होते. नळावर भांडं ठेवल्याचा आवाज आला, पण पाण्याचा आवाज येईना. बाहेर येऊन बघितलं, तर आत्याबाई नळाच्या तोटीला हात लावून उभ्या होत्या. उजव्या हातानं धरायच्या, मनगट वळवायच्या, अर्ध्यात थांबायच्या. ओठ घट्ट मिटलेले. मग इकडंतिकडं बघून त्यांनी डाव्या हातानं तोटी सोडली. मी दिसल्यावर म्हणाल्या, "तुमचा नळ लई घट्ट हाय गं." नळ घट्ट नव्हता. सुमन तो रोज सोडायची. मी पुढं झाले, त्यांचा हात हातात घेतला आणि तळवा वर करायला सांगितलं. तो उभा राहिला, भिंतीसारखा, आणि पुढं वळेना. त्या हसल्या. "देवानं चांगलंच केलं," म्हणाल्या. "आता कुनापुढं हात पसरायची सोयच ठिवली न्हाय."

त्या विनोदावर मी हसले, आणि आत जाऊन चुलीपुढं बसले...

कॉलनीत आमच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांच्या पत्नीकडं माझं शिवणकामासाठी जाणंयेणं होतं. एकदा धीर करून मी डॉक्टरांना सगळं विचारलं. माझी बाजू सोडून सगळं. ते समजूतदार गृहस्थ. म्हणाले, "करंगळीकडचं ते टोक पुष्कळांचं जुळतच नाही, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. तार घातली असती तरी कदाचित हेच झालं असतं. उलट पू होऊन हात पार गेलेलेही मी बघितलेत. तुमच्या पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नव्हता." माझ्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मी उठायला लागले, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "प्लास्टर निघाल्यावर हात रोज कोमट पाण्यात घालून कुणी वळवून घेत होतं का? ते महत्त्वाचं असतं. आपलं आपल्याला दुखतं म्हणून माणूस करत नाही. घरच्या कुणीतरी बसून करून घ्यावं लागतं."

मी म्हटलं, "बघते विचारून." त्यांना काय सांगणार? घरची कुणीतरी त्या वेळी इथं, तुमच्या कॉलनीत, नळ सोडून बघत होती.

पुढं सदाशिवभावजींचं लग्न झालं. नवी जोडी घेऊन नरसिंहपूरला देवाला जायचं ठरलं. आम्ही वालचंदनगरहून आणि ते कन्हेरीहून, असे इंदापूरला माझ्या माहेरी जमलो आणि तिथून पुढं गेलो. नीरा आणि भीमेच्या संगमावर देऊळ आहे, घाट आहे. दर्शन झाल्यावर गाभाऱ्याबाहेर पुजारी तीर्थ देत होते. माझ्यापुढं आत्याबाई होत्या. त्यांनी रीतीप्रमाणं डाव्यावर उजवा हात धरला. पण उजवा तळवा वर वळेना. पळीतलं तीर्थ हाताच्या कडेवरून ओघळलं आणि मनगटावरून खाली गेलं. पुजारी म्हणाले, "बाई, हात नीट धरा." त्यांनी पुन्हा धरला, खांदा वाकवून, कोपर वर करून. पुन्हा तेच. मागची रांग चुळबुळ करायला लागली. आत्याबाईंनी डावा हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. तीर्थ डाव्या हातात कसं घेणार? "ऱ्हाऊ द्या म्हाराज," त्या हळू म्हणाल्या. बाजारात कुणापुढं कधी मान न वाकवलेल्या त्या बाईला मी त्या वेळी खाली बघताना पाहिलं.

मी माझा उजवा हात पुढं केला. त्यांच्या वाटचं तीर्थ माझ्या तळव्यात घेतलं आणि त्यांच्या तोंडाशी नेलं. त्यांनी ते प्यायलं, आणि ओला डावा हात डोळ्यांना, डोक्याला लावला. मला माझ्यासाठी तीर्थ घ्यायचं सुचलंच नाही.

बाकीची मंडळी संगमावर हातपाय धुवायला गेली. आम्ही दोघी घाटाच्या पायरीवर बसलो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, पुण्याला त्या धाकट्या डॉक्टरांनी..." पुढचं वाक्य मी मनात कितीदा जुळवलं होतं.

"हात वळनार न्हाय म्हनून सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "ठावं हाय मला."

मी वळून त्यांच्याकडं बघितलं.

"तू येयच्या आदी त्यो खाटंपाशी येऊन गेला. चांगला पोरगा हुता. काय काय बोलला त्ये मला उमगलं न्हाय, पर त्यानं सोताचा हात असा केला, असा केला." त्यांनी डावा हात पालथा केला, उताणा केला. "आन् मंग मान हालिवली. बोली न्हाय कळली तरी हात कळतोय की."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तू सांगतीस का त्ये बगत हुते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "न्हाई सांगितलंस. म्हनलं, हिला जायाचंच हाय. पाच वरीस वाट बगितली पोरीनं. आडवायचं कशाला?"

मी रडायला लागले. त्या नदीकडं बघत म्हणाल्या, "आन् मला बी सुरीचं भ्या हुतंच. तू न्हाय म्हनावं आसंच वाटत हुतं आतनं. तुज्या एकटीचं न्हाय त्ये."

तेवढ्यात मंडळी वर आली आणि तो विषय संपला, तो कायमचाच. त्यांना खरंच सुरीची भीती वाटत होती, की मला सोडवण्यासाठी त्यांनी ते म्हटलं, हे मला कळलं नाही. आता कळायचंही नाही. गरोदर असताना तापलेल्या विळ्यानं स्वतःच्या पायातला काटा काढलेली ही बाई. सुरीला भ्याली असेल? माणूस म्हातारपणी भितो म्हणतात. मी कधी या बाजूनं विचार करते, कधी त्या. त्यानंतर मी त्यांना आमच्याकडं कायमच्या राहायला या म्हणून खूपदा विनवलं. त्या यायच्या, चार दिवस राहायच्या आणि निघायच्या. "तुज्याकडं पानी हाय, दिवा हाय," म्हणायच्या, "पर माती कुठं हाय?" मी रात्री त्यांच्या मनगटाला तेल लावून हात वळवायचा प्रयत्न करायची. उशीर झाला होता हे त्यांनाही कळत होतं, मलाही. तरी त्या हात माझ्या स्वाधीन करायच्या आणि डोळे मिटून पडून राहायच्या.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले. यांना कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून हे आणि सुमन पुढं गेले. मी चार दिवस मागं राहिले. सकाळी धाकटी जाऊ इंदू शेतावर गेली होती. मी म्हटलं, भाकऱ्या मी टाकते. त्या घरातली माझी जागा सुटल्यापासून मी तिथं पाहुणीसारखीच जात होते. आल्यावर कुणी ना कुणी ओसरीवरच गरम ताट पुढं ठेवायचं. चुलीपुढं बसायची वेळ या चार वर्षांत आलीच नव्हती.

बसले, परात पुढं ओढली, पीठ घेतलं आणि मिठासाठी सवयीनं उजवीकडं हात नेला. तिथं नुसती भिंत होती. मिठाचं मडकं डावीकडं होतं. पाण्याचा तांब्या डावीकडं, फुंकणी डावीकडं, पिठाचा डबाही. डब्याला झाकण नव्हतं, वर फडकं टाकून दगड ठेवला होता. फिरवून काढायचं झाकण तिथं एकाही डब्याला नव्हतं. मी भाकरी थापली, ती तव्यात टाकायला उजव्या तळव्यावर घेतली आणि मध्येच अडखळले. चूलच डाव्या अंगाला होती. मी नांदत होते तेव्हा ती समोर होती. ती कुणीतरी मोडून, जागा बदलून, पुन्हा घातली होती. भाकरी डाव्या तळव्यावर घेतली असती तरच ती सरळ तव्यात पडली असती.

इंदू आली तेव्हा मी तशीच बसले होते. तवा रिकामाच तापत होता. ती म्हणाली, "काय झालं, जाऊबाई? मीठ गावंना व्हय?"

मी विचारलं, "हे सगळं डावीकडं कधीपासून आहे?"

"मी आले तवापासनं आसंच हाय," ती म्हणाली. "मला बी आदी लई अवघड गेलं. माज्या माहेरी समदं उजवीकडं. आत्याबाईस्नी इचारलं, तर म्हनल्या, आपल्या घरची रीतच हाय ही. आपल्या सासूपासनं चालत आलीया." ती हात धुऊन माझ्याजवळ बसली. "तुमच्या येळंला बी आसंच हुतं न्हवं?"

मी तिच्याकडं बघितलं. तिला दोन वर्षं ही रीत म्हणून शिकवली होती. हात वळत नाही हे तिनं पाहिलं असेल, पण तो कशानं, पुण्याचं काय, माझं काय, हे एका शब्दानं तिला ठाऊक नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "आपल्यात असंच असतं."

मग मी डाव्या हातानं मडक्यातलं मीठ घेतलं, पिठात टाकलं आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.